काउंट आल्यानंतर

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाच्या घरात एक दिवस फार मोठा असतो. रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस पाचशेच्या वर राहिल्या की डॉक्टर सांगतात, ‘काउंट आले, डोनरच्या पेशी रुजल्या.’ मग गावाकडे फोन जातात, पेढे वाटले जातात आणि आजारपण संपलं असं सगळे धरून चालतात. आमच्याकडेही तेच झालं, आणि ती गोष्ट आनंद करण्यासारखीच आहे. पण माझी खरी कसोटी त्यानंतर लागली. ती कॅन्सरमुळे नव्हती, तर लहानपणीच कधीतरी अंगात शिरून चाळीस वर्षं गप्प बसलेल्या विषाणूंमुळे होती. ट्रान्सप्लांटला निघालेल्या घरांना खर्च माहीत असतो, मॅच माहीत असते, केस जाणार हे माहीत असतं. या टप्प्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं बार्शीत कृषी सेवा केंद्र आहे. 2022 मध्ये अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं निदान झालं. केमोने आजार आटोक्यात आला, पण पेशींच्या तपासणीत तो परत येण्याचा धोका जास्त दिसला आणि ट्रान्सप्लांटला पर्याय उरला नाही. आम्ही दोघेच भाऊ. डोनर ठरवताना पेशींचा प्रकार (एचएलए) जुळतो का ते बघतात, आणि सख्ख्या भावंडाशी तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. धाकट्याचं माझ्याशी अर्धंच जुळलं. भारतातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट 1983 मध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं, तेव्हा एका लहान मुलीला तिच्या भावाचा पूर्ण जुळणारा मॅरो मिळाला होता. त्या काळी माझ्यासारख्याला बहुधा नाही म्हणून सांगितलं असतं. आता पेशी दिल्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइडचा मोठा डोस देतात. अंगावर उठणाऱ्या डोनरच्या पेशी त्यात मरतात, म्हणून हाफ मॅच चालतो. धाकटा चार-पाच दिवस इंजेक्शनं घेऊन मशीनवर बसला आणि त्याच्या रक्तातून पेशी काढल्या. पिशवी लावताना तो काचेपलीकडे उभा होता. ‘दादा, काही होत नाही,’ एवढंच म्हणाला.

ट्रान्सप्लांटच्या आधी आम्हा दोघांच्या रक्ताच्या बऱ्याच तपासण्या झाल्या. त्यात एक होती सीएमव्ही आयजीजी. सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलो व्हायरस, आणि तो पूर्वी अंगात येऊन गेला आहे का हे या तपासणीत कळतं. दोघांचीही पॉझिटिव्ह. मी घाबरलो, तर आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ‘आपल्याकडे बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांची पॉझिटिव्हच येते. लहानपणी साध्या सर्दीतापासारखा येऊन जातो, कळतही नाही. जाताना मात्र पूर्ण जात नाही, पेशींमध्ये दडून राहतो.’ पेशंट पॉझिटिव्ह आणि डोनर निगेटिव्ह असेल तर धोका सगळ्यात जास्त, कारण नव्या पेशींनी हा विषाणू कधी पाहिलेलाच नसतो. धाकटा पॉझिटिव्ह असणं त्या हिशेबाने माझ्या फायद्याचंच होतं.

एक गोष्ट मला फार उशिरा समजली. काउंट आले म्हणजे न्यूट्रोफिल आले. ते जिवाणूंशी आणि बुरशीशी लढतात. विषाणूंना आवरणाऱ्या पेशी वेगळ्या, लिम्फोसाइट. त्या भरून यायला महिनोन्‌महिने लागतात, कधी वर्षही जातं. शिवाय डोनरच्या पेशींनी माझ्या अंगावर उठू नये म्हणून टॅक्रोलिमस चालू असतं आणि ते नेमक्या याच पेशींना दाबून ठेवतं. म्हणून सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट छान असला, माणूस चालता-फिरता असला, तरी विषाणूंच्या बाबतीत तो उघडाच असतो. डिस्चार्जच्या वेळी आमच्या हातात औषधांचा तक्ता होता, कच्चं खाऊ नका, गर्दीत जाऊ नका हे सगळं होतं. पण काउंट चांगले असूनही मी एवढा उघडा का, हे कुणी समजावून सांगितलं असतं तर त्या तक्त्याकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

डिस्चार्ज मिळून आम्ही पुण्यातच, हॉस्पिटलजवळ भाड्याच्या खोलीत राहिलो. ट्रान्सप्लांटपासून महिना होत आला होता. एका पहाटे लघवीला जळजळ झाली. दुपारपर्यंत दर दहा-पंधरा मिनिटांनी जावंसं वाटू लागलं आणि दर वेळी जेमतेम चमचाभर. संध्याकाळी रंग कोकम सरबतासारखा झाला. बायको बाथरूमच्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, ‘अहो, सकाळची वाट बघायची नाही, आत्ताच फोन लावा.’ रात्री आम्ही परत वॉर्डात.

लघवीचं कल्चर स्वच्छ आलं, म्हणजे जिवाणू नव्हते. बीके व्हायरसच्या पीसीआरचा, म्हणजे विषाणू किती आहेत ते मोजणाऱ्या तपासणीचा आकडा मात्र कोटींत होता. हाही लहानपणी येऊन मूत्रपिंडात आणि मूत्रमार्गात मुक्काम करणारा विषाणू. 1971 मध्ये किडनी बदललेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो पहिल्यांदा सापडला. निरोगी माणसाला काही करत नाही. माझ्या मूत्राशयाचं अस्तर मात्र आधी केमोने सोलवटलेलं होतं, सायक्लोफॉस्फमाइड तर त्यासाठी कुप्रसिद्धच. त्यावर मेस्ना नावाचं संरक्षक औषध दिलेलं होतं, भरपूर सलाईन दिलेलं होतं, तरी हाफ मॅचवाल्यांमध्ये हा त्रास बऱ्यापैकी दिसतो असं डॉक्टरांनी सांगितलं. रक्त गोठून गाठी होत होत्या आणि त्या गाठींनी वाट अडत होती.

त्यावर उपाय म्हणजे तीन तोंडांचा कॅथेटर. एका तोंडातून आतला फुगा फुगवतात, दुसऱ्यातून सलाईन मूत्राशयात जातं, तिसऱ्यातून धुतलेलं बाहेर येतं. तीन-तीन लिटरच्या पिशव्या रात्रंदिवस. वॉर्डात त्याला ‘वॉश चालू आहे’ म्हणतात. बायकोने पहिल्याच रात्री वही घातली: आत किती गेलं, बाहेर किती आलं. दुकानाची उधारी तीच लिहिते, त्यामुळे हिशेब तिच्या हातातलाच. बाहेर येणारं आत जाणाऱ्यापेक्षा कमी पडलं की समजायचं, गाठ अडकली. मग ती सिस्टरना हाक मारायची. सिस्टर मोठी सिरिंज लावून सलाईन जोरात आत ढकलायच्या आणि ओढून घ्यायच्या. काळपट लाल गाठी सिरिंजमध्ये येताना दिसायच्या. त्या वेळची कळ सांगता येत नाही. पोटाच्या खालच्या भागात मुरडा यायचा, पलंगाचा दांडा धरून मी ओरडायचो आणि गाठ निघाली की एका क्षणात सगळं सैल व्हायचं. एकदा रात्री तिला डुलकी लागली होती. पिशवी बदलणाऱ्या मामांनीच पाहिलं, ‘ताई, बाहेर काहीच येत नाहीये,’ आणि पळत जाऊन सिस्टरना आणलं. त्या मामांचे उपकार मी विसरणार नाही.

बीकेवर खात्रीचं औषध नाही. सिडोफोव्हिर नावाचं एक आहे, पण ते मूत्रपिंडाला झोडपतं आणि टॅक्रोलिमसमुळे माझं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारा आकडा, आधीच वर गेलेलं. म्हणून प्लेटलेट पन्नास हजारांच्या वर ठेवायचे, वेदनाशामक द्यायचं, पाणी भरपूर आणि थांबायचं. प्लेटलेट जवळजवळ रोज लागायचे. ट्रान्सप्लांटच्या पेशंटला साधी पिशवी चालत नाही, किरण दिलेली लागते. गावाकडची पोरं रक्तपेढीत रांग लावून उभी राहिली, माझ्या दुकानात बियाणं घेणारे शेतकरीसुद्धा. काही आठवड्यांनी एका सकाळी नळीतलं पाणी गुलाबी झालं, मग फिकट, मग स्वच्छ. कॅथेटर काढला त्या दिवशी स्वतःच्या पायांनी बाथरूमला जाऊन आलो. त्या दिवसाचा आनंद मला काउंट आल्याच्या दिवसापेक्षा मोठा वाटतो.

सीएमव्हीची गोष्ट याच्या उलट. त्यात सुरुवातीला काहीच दुखत नाही. दर आठवड्याला रक्त द्यायचं, पीसीआर करायचा, एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती कॉपीज आहेत हा आकडा बघायचा. लक्षणं दिसण्याची वाट पाहत नाहीत, आकडा चढायला लागला की औषध सुरू. याचं कारण डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. ट्रान्सप्लांटच्या सुरुवातीच्या काळात सीएमव्हीचा न्यूमोनिया झालेले बहुतेक पेशंट जात असत. 1980 च्या दशकाच्या अखेरीस गॅन्सिक्लोव्हिर आलं, पुढे पीसीआरने विषाणू रक्तात लवकर पकडता येऊ लागला, तेव्हा कुठे चित्र पालटलं. 2017 मध्ये अमेरिकेत लेटर्मोव्हिर या गोळीला मान्यता मिळाली, ती विषाणू उठण्याआधीच प्रतिबंध म्हणून देतात. मला ती नव्हती. माझ्यासाठी दर आठवड्याचा पीसीआर हाच पहारा.

बीकेतून उठतोय तोवर तळहात लाल झाले, कानांमागे पुरळ आलं आणि जुलाब सुरू झाले, हिरवट, पाण्यासारखे. वॉर्डात ते मोजून लिहितात, मिलिलिटरमध्ये, कारण त्यावर तीव्रता ठरते. मावशी न कुरकुरता ते भांडं मोजायच्या. इथे डॉक्टरांपुढे मोठा पेच असतो, आणि तो पेशंटच्या घरच्यांनी समजून घेतला तर पुढचे दिवस जरा सोपे जातात. जुलाब दोन कारणांनी होऊ शकतात. एक, डोनरच्या पेशी माझ्या आतड्यावर उठल्या, म्हणजे जीव्हीएचडी. दोन, सीएमव्ही आतड्यात शिरला. पहिल्याचा उपाय स्टिरॉइड. आणि दुसरं असेल तर तेच स्टिरॉइड विषाणूला रान मोकळं करून देतं. वरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. ‘अजून किती टोचणार, किती तपासणार?’ असं आई फोनवर रडत होती. तिला कसं समजावायचं हे मलाही कळत नव्हतं, पण ती तपासणी टाळण्यासारखी नव्हती.

रिपोर्ट जीव्हीएचडीचा आला, तुकड्यात सीएमव्ही नव्हता. स्टिरॉइड सुरू झालं, आठवड्याभरात जुलाब उतरले. आणि डॉक्टरांनी बजावलं होतं तसंच झालं. रक्तातला सीएमव्ही, जो तोवर ‘आढळला नाही’ येत होता, तो शेकड्यांत आला, पुढच्या तपासणीत हजारांत.

गॅन्सिक्लोव्हिर दर बारा तासांनी, छातीजवळच्या लाईनमधून, तासभर हळूहळू. ते तयार करताना सिस्टर केमोसारखेच हातमोजे घालायच्या. पहिल्या आठवड्यानंतरचा आकडा कमी होण्याऐवजी वाढलेला आला आणि आम्ही हादरलो. औषध लागू पडत नाही असंच वाटलं. मॅडमनी समजावलं, ‘स्टिरॉइड चालू असताना पहिल्या आठवड्यात आकडा वाढू शकतो, त्याचा अर्थ औषध हरलं असा नाही. दोन आठवडे जाऊ द्या.’ दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी: पीसीआर कायम एकाच लॅबमध्ये करा. दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, स्वस्त मिळतो म्हणून मध्येच लॅब बदलली तर आकडा चढला की उतरला हेच कळत नाही. आमचे नमुने बाहेरच्या लॅबला जायचे आणि सुट्ट्या लागून आल्या की रिपोर्ट रखडायचा. एकदा तो इतका रखडला की बायको स्वतः लॅबच्या काउंटरवर जाऊन बसली आणि कागद घेऊनच उठली. ज्या आजारात आठवड्याचा हिशेब जिवाचा असतो, तिथे रिपोर्ट सुट्टीत अडकू नये, हे माझं ठाम मत आहे.

आकडा उतरायला लागला तसे न्यूट्रोफिल कोसळले. एवढ्या कष्टाने आलेले काउंट पुन्हा पाचशेच्या आसपास. गॅन्सिक्लोव्हिर मॅरोला दाबतं, हे आधी सांगितलेलं होतं, तरी रिपोर्ट हातात आला तेव्हा धाकटा पांढराफटक पडला. त्याला वाटलं, आपल्या पेशी टिकल्या नाहीत. तो दोन दिवस नीट जेवला नाही. दुसरं औषध फॉस्कार्नेट, ते मॅरोला सोडतं पण मूत्रपिंडाला धरतं, मॅग्नेशियम-कॅल्शियम खाली आणतं. माझ्या क्रिएटिनिनवर ते परवडणारं नव्हतं. मग काउंट वाढवायची इंजेक्शनं देत गॅन्सिक्लोव्हिरच रेटायचं ठरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासला, कारण हा विषाणू डोळ्याच्या पडद्यालाही पोखरतो. डोळे नीट होते. छातीचा सीटी स्वच्छ होता. पुढे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्यांवर आणलं, जेवणाबरोबर घ्यायच्या. फार्मासिस्टने बायकोला वेगळं बोलावून सांगितलं की गोळी मोडायची नाही, कुटायची नाही, त्याच्या भुकटीला हात लावायचा नाही. ती गोळ्यांची पट्टी शेवटपर्यंत माझ्याच हातात द्यायची, मीच फोडायचो. लागोपाठ दोन वेळा ‘आढळला नाही’ आलं तेव्हा ते बंद झालं. स्टिरॉइड उतरवताना पुन्हा एकदा आकडा किंचित हलला, पण आपोआप बसला. धाकट्याच्या लिम्फोसाइट कामाला लागल्याचं ते पहिलं लक्षण, असं मॅडम म्हणाल्या. मी ते वाक्य लगेच फोन करून त्याला ऐकवलं.

शंभर दिवस संपले की घरी, असा एक समज आहे. आम्ही त्याहून बराच काळ पुण्यात राहिलो आणि त्याबद्दल मला समाधान आहे. बीकेच्या त्या रात्री आम्ही बार्शीत असतो तर चार-पाच तासांच्या प्रवासात लघवी पूर्ण अडली असती. खोलीभाडं, पीसीआर, औषधं हा सगळा खर्च आमच्या ट्रान्सप्लांटच्या पॅकेजबाहेरचा होता. तुमच्या पॅकेजमध्ये, योजनेत, विम्यात डिस्चार्जनंतरचे पीसीआर आणि विषाणूंवरची औषधं आहेत का, हे भरती होण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. नसतील तर मदत गोळा करताना तो आकडा वेगळा धरा. पहिल्या दिवशी लोक द्यायला तयार असतात, चौथ्या महिन्यात पुन्हा मागणं फार जड जातं.

घरी आल्यावरही हे प्रकरण संपलं नाही, फक्त सौम्य झालं. पुतण्याला शाळेतून कांजिण्या आल्या. आदल्या दिवशीच तो माझ्या मांडीवर बसला होता. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलला फोन केला, असायक्लोव्हिर या कांजिण्यांच्या विषाणूवरच्या औषधाचा डोस वाढवून मिळाला, पुतण्या त्याच्या मामाकडे गेला आणि मला काही झालं नाही. घरात पोलिओचे थेंब घेणारं बाळ असेल तर तेही आधी विचारा, थेंबांमधला विषाणू जिवंत असतो आणि काही काळ बाळाच्या शीमधून बाहेर पडतो.

वर्ष उलटल्यावर असायक्लोव्हिर बंद झालं आणि काही आठवड्यांत डाव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. वर काही दिसत नव्हतं, शर्ट घासला तरी सहन होईना. दुसऱ्या दिवशी फोडांचा पट्टा उठला: नागीण. गल्लीत बातमी पसरली आणि जो तो सांगायला आला. कुणी मंत्र घालणाऱ्याचा पत्ता दिला, कुणी गेरू लावायला सांगितलं, कुणी आईला घाबरवलं की तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस राहत नाही. नागीण म्हणजे लहानपणी आलेल्या कांजिण्यांचाच विषाणू, मज्जातंतूच्या मुळाशी दडलेला. तो त्या एका मज्जातंतूच्या वाटेने येतो म्हणून पट्टा उठतो आणि बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला राहतो. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसात मात्र तो अंगभर, फुप्फुसापर्यंत जाऊ शकतो, म्हणून गेरू-मंत्रात एक दिवससुद्धा घालवायचा नाही. फोड दिसल्या दिवशी व्हॅलासायक्लोव्हिर सुरू झालं. खपल्या लवकर धरल्या, ठणका मात्र पुढे बरेच दिवस राहिला. आईने माझ्या समाधानासाठी मंत्रवाल्याला परत पाठवलं, तिच्यासाठी ते सोपं नव्हतं.

लहानपणीच्या लसींनी आलेली ताकद ट्रान्सप्लांटमध्ये पुसली जाते, त्यामुळे त्या सगळ्या नव्याने घ्याव्या लागतात. न्यूमोनियाची, धनुर्वात-घटसर्पाची, कावीळ ब ची, पोलिओची इंजेक्शनवाली लस मी पहिल्या वर्षापासून घेत आलो. फ्लूची दर वर्षी घेतो, घरातले सगळेही घेतात. जिवंत विषाणूच्या लसी दोन वर्षांच्या आत देत नाहीत, आणि दाबून ठेवणारी औषधं बंद असावी लागतात. माझं टॅक्रोलिमस बंद होऊन बराच काळ झाला, तपासणीत लिम्फोसाइट पुरेसे दिसले, तेव्हा गोवर-गालगुंड-रुबेलाची लस मिळाली. लहान मुलांच्या लसीकरणाच्या खोलीत, मांडीवर बाळं घेऊन बसलेल्या आयांच्या रांगेत माझा नंबर होता. कांजिण्यांच्या लसीबद्दल मॅडमनी अजून थांबायला सांगितलं आहे, पुढच्या भेटीत ठरेल.